छतावरचे सोलर पॅनल किती वर्षं टिकतात, देखभाल काय करावी?

प्रश्न: ३ किलोवॅटची ऑन-ग्रिड (वीज कंपनीच्या लाईनला जोडलेली) सिस्टीम बसवतोय. पॅनल खरंच २५ वर्षं चालतात का? बोअरच्या पाण्याने धुतले तर चालतील?

उत्तर १: पॅनल चालतात, वर्षाला साधारण अर्धा टक्का निर्मिती घटते. इन्व्हर्टर (पॅनलची डीसी वीज घरात वापरायच्या एसी विजेत बदलणारा) मात्र १०-१२ वर्षांत बदलावा लागतो, ते पैसे आत्ताच बाजूला ठेवा. तो उन्हात अजिबात लावू नका.

उत्तर २: बोअरचं पाणी जड असेल तर काचेवर क्षारांचे पांढरे डाग बसतात, मग निघता निघत नाहीत. टाकीत साठवलेलं पावसाचं पाणी उत्तम. सकाळी लवकर, काच थंड असताना, मऊ मॉपने पुसा. कबुतराची विष्ठा लगेच काढा. तिने झाकलेला सेल (पॅनलमधला छोटा चौकोन) तापून हॉटस्पॉट, म्हणजे अति गरम डाग, होतो.

उत्तर ३: एमसी-४ कनेक्टर (पॅनलच्या वायरी जोडणारा प्लग) सैल राहिला की वितळतो. वर्षातून एकदा तो आणि अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्याच.