मदत हवी आहे: एएफमध्ये डी-डायमर आणि सीआरपी वाढलंय, काळजीचं आहे का?

नमस्कार मंडळी. बाबा ७२ वर्षांचे, बीपी जुनं. एट्रियल फिब्रिलेशन (एएफ, म्हणजे हृदयाचे ठोके अनियमित पडणं) निघाल्यापासून अपिक्साबॅन ही रक्त पातळ करणारी गोळी ५ मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ चालू आहे. परवा लॅबच्या पॅकेजमध्ये (डॉक्टरांनी सांगितलेलं नसताना!) डी-डायमर (रक्ताच्या गुठळ्यांशी संबंधित चाचणी) ०.९ आणि एचएस-सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारी सीआरपीची चाचणी) ७ आलं, दोन्ही लाल अक्षरांत. आई तेव्हापासून हवालदिल.

माझ्या वाचनाप्रमाणे डी-डायमर वयानुसारही वाढतं, आणि सीआरपी साध्या सर्दी-तापानेही. बाबांना गेल्याच आठवड्यात ताप होता. रक्त पातळ करणारी गोळी द्यायची की नाही हे वय, बीपी, मधुमेह, आधीचा पक्षाघात यांच्या गुणांवर ठरतं. बाबांचे २ होतात. रक्तातले मार्कर धरून पक्षाघाताचा धोका मोजणारा एबीसी स्ट्रोक स्कोअरही आहे, पण त्यात ट्रोपोनिन आणि एनटी-प्रोबीएनपी (हृदयावरची इजा आणि ताण दाखवणारे मार्कर) आहेत, डी-डायमर नाहीच. मग हे पॅकेजमध्ये घालतात कशाला, देव जाणे.

गोळी न चुकता घेऊनही डी-डायमर चढं असेल तर हृदयरोगतज्ज्ञ त्यावरून उपचार बदलतात का? आणि तापानंतर सीआरपी पुन्हा कधी तपासावं? अपॉइंटमेंट पुढच्या महिन्यात आहे, लवकरची मागू का?

गोळी आम्ही बंद करणार नाही. लसूण-हळदीचे काढेही कृपया सुचवू नका, आत्याने आधीच तीन पाठवलेत.