साताऱ्याचं जुनं घर आपल्या आवडीनं करायचंय, सल्ला हवा

नमस्कार मंडळी,

आमचं शनिवार पेठेतलं घर आता आमच्याकडे आलंय. दोन मजली, सागवानी खांब, पांढऱ्या मातीच्या भिंती, वर मंगलोरी कौलं. पाडून बिल्डरला द्यायचं नाही हे आम्ही दोघांनी पक्कं ठरवलंय, पण राहायला आपल्याला हवं तसं पाहिजे ना, म्हणजे स्वयंपाकघर मोकळं करून माजघराला जोडायचं, वरच्या दोन्ही खोल्यांना आतच बाथरूम, उजेड भरपूर आणि खाली-वर सगळीकडे मोठ्या पांढऱ्या टाइल्स. एका कॉन्ट्रॅक्टरनं व्हिडिओ कॉलवर घर बघून सांगितलं की आतून-बाहेरून सिमेंटचं प्लास्टर मारू, कौलं उतरवून स्लॅब टाकू, परत बघायला नको. सासूबाई म्हणतात थांबा जरा. ज्यांनी असं काम करून घेतलंय त्यांनी प्लीज लिहा.

— सातारची सून, न्यू जर्सी

रि: साताऱ्याचं जुनं घर

ताई, सासूबाईंचं ऐका आणि स्लॅबला आजच नाही म्हणून कळवा. मी रिटायर होऊन साताऱ्यात परत आलोय, आमचं पेठेतलं घर असंच होतं आणि ते उभं ठेवून आम्हाला पाहिजे तसं करून घेतलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या घराचं वजन भिंतीवर कमी आणि खांब-तुळयांवर जास्त आहे. मातीच्या भिंती बऱ्याच ठिकाणी खांबांच्या मधे नुसत्या भरलेल्या असतात. त्यामुळे माजघर आणि स्वयंपाकघर एक करणं होण्यासारखं आहे, फक्त आधी मिस्त्रीला खण, म्हणजे दोन खांबांमधली अंतरं, मोजायला लावा, कारण एखादा खांब भिंतीच्या पोटात असतो आणि बाहेरून दिसत नाही. आमच्याकडे असाच एक निघाला. तो तिथेच ठेवून, साफ करून, जवसाचं तेल पाजलं आणि आता त्याच्याच आजूबाजूला ओटा आहे, घरातली सगळ्यात देखणी जागा झालीये ती.

दुसरं म्हणजे तुळयांची टोकं. मधे तुळई ठणठणीत दिसते पण भिंतीत गेलेलं टोक ओल धरून कुजतं नाहीतर वाळवी लागते. आमचे मिस्त्री प्रत्येक टोकाशी पेचकस खुपसून बघत होते. बाकी ठिकाणी लाकडावर ओरखडाही उठेना आणि पन्हळ गळत होती त्या कोपऱ्यात मात्र पेचकस मुठीपर्यंत आत गेला, ओल्या भुशात गेल्यासारखा. तेवढं टोक कापून जुन्याच सागाचा तुकडा सांधला, दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्ट्या बोल्ट केल्या. आख्खी तुळई बदलावी लागली नाही.

आता सिमेंट. हे मी कळकळीनं सांगतोय. मातीची भिंत जोत्यातून ओल वर ओढते, चुन्याच्या गिलाव्यातून ती वाफ होऊन निघून जाते. वर सिमेंट मारलं की ओल बाहेर पडायला वाट नाही, मग ती आतल्या आत वर चढत जाते, लोणा लागतो, म्हणजे भिंतीवर क्षार फुटतात, प्लास्टर पोकळ होऊन पापुद्र्यानं सुटतं आणि येताना मागची माती घेऊन येतं. आमच्या गल्लीत एका घराला चार फुटांपर्यंत टाइल्स लावल्या तर ओल बरोबर टाइल्सच्या वरच्या कडेला येऊन बसली. म्हणून गिलावा चुन्याचाच करा, कळीचा चुना विझवून निदान दोन-तीन आठवडे पाण्याखाली मुरवलेला, त्यात वाळू आणि सुरखी, म्हणजे विटेची भुकटी. रंगसुद्धा चुन्याचाच, प्लास्टिक पेंट नको, तोही ओल कोंडतो. वेळ लागतो, चुना हवेतून हळूहळू घट्ट होतो, घाई करणारा माणूस या कामाला घेऊ नका. आणि त्याच्याही आधी पाणी बघा. पेठांमधे डांबरावर डांबर चढून रस्ते वर आलेत, ओटे खाली गेलेत, पावसाचं पाणी थेट जोत्याला लागतं. पन्हळी, चौकाचा उतार, परसातली गटार यावर पहिला पैसा घाला, टाइल्स नंतर.

वरच्या मजल्यावर टाइल्स नकोतच. दोन इंच सिमेंट काँक्रीटचा कोबा दर चौरस फुटाला साधारण ११ किलो भरतो, म्हणजे १० बाय १२ च्या खोलीत सव्वा टनाच्या वर ओझं, त्यावर परत टाइल्स, आणि हे सगळं कडीपाटावर, म्हणजे लाकडी कड्या-फळ्यांच्या मजल्यावर! वर लाकडी फळ्या ठेवा, पांढरा उजेड हवा असेल तर चुन्याच्या भिंती आणि कौलांमधे चार-सहा काचेची कौलं बसवा, वरच्या खोल्यांत दिवसा दिवा लावावा लागणार नाही. बाथरूम खाली परसाच्या बाजूला घ्या, वर हवंच असेल तर घराला टेकून पण स्वतःच्या वेगळ्या कॉलमवर उभं करा, लाकडी मजल्यावर रोज पाणी ओतायचं नाही.

स्लॅबबद्दल एवढंच, की आपण कोयनेच्या जवळ राहतो. ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप आमच्या आईनं पाहिलाय. खाचेत बसवलेलं लाकूड थोडं हलून जागेवर येतं, हलकी कौलं परवडतात, पण मातीच्या भिंतीवर जड स्लॅब म्हणजे डोक्यावर धोका.

हो, आणि कॉन्ट्रॅक्टरला कामाला लावण्याआधी सिटी सर्व्हेचा उतारा काढा. शेजाऱ्याशी सामाईक भिंत असेल तर त्यांना आधी जाऊन भेटा. तिथून कुलमुखत्यारपत्र करणार असाल तर कॉन्सुलेटकडून करून घ्या आणि इथे पोचल्यावर तीन महिन्यांच्या आत मुद्रांक भरा.

— पेठेतला काका, सातारा

रि: रि: साताऱ्याचं जुनं घर

काकांना अनुमोदन. आमचं सांगलीत गावभागात आहे. २०१९ ला आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, धोक्याची पातळी ४५, तळमजला पाण्यात. पाणी ओसरल्यावर चुन्याच्या भिंती सावकाश का होईना वाळल्या, प्लायवूडचं मॉड्युलर किचन मात्र फुगून कचऱ्याच्या ट्रॉलीतून गेलं. आता खाली शहाबादी फरशी, कडाप्प्याच्या मांडण्या आणि स्विचबोर्ड सगळे खांद्याच्या वर. साताऱ्याला पूर नाही, पण ओल आहेच, त्यामुळे खाली प्लाय घालू नका ताई.

— सांगलीकर, लंडन

रि: रि: रि: साताऱ्याचं जुनं घर

काका, मनापासून आभार. कॉन्ट्रॅक्टरला स्लॅब आणि सिमेंट दोन्ही नाही म्हणून कळवलंय, तो नाराज झाला, होऊ दे. वर बाथरूम एकच, तेही परसाच्या बाजूला वेगळ्या कॉलमवर. पण तिथे हौदाशेजारी जुना फणस आहे आणि तो मला कापायचा नाहीये, त्याच्या मुळांपासून कॉलमचा पाया आणि ड्रेनेज किती लांब घ्यावं? तुमच्या मिस्त्रींना एकदा जागा दाखवता येईल का? चावी सासूबाईंकडे आहे, दुपारी चारनंतर त्या घरीच असतात.

— सातारची सून