ब्रोमेलियाडमधले ऑस्ट्राकॉड: अंडी वाऱ्याने जात नाहीत

असं म्हटलं जातं की ब्रोमेलियाडच्या (अननसाच्या कुळातल्या वनस्पतींच्या) पानांच्या बेचक्यात साठलेल्या पाण्यात ऑस्ट्राकॉड (दोन झडपांच्या कवचातले, खेकडे-कोळंबीच्या गटातले चिमुकले जलचर) पोचतात ते वाऱ्याने उडालेल्या सुक्या अंड्यांतून. डबक्यांतल्या बऱ्याच जातींबाबत हे खरं आहे. ब्रोमेलियाडमध्ये राहणाऱ्या एल्पिडियम या ऑस्ट्राकॉडबाबत मात्र नाही, आणि मला तर त्याची हीच गोष्ट सगळ्यात विलक्षण वाटते. फ्रिट्झ म्युलर या निसर्गअभ्यासकाने १८८० मध्ये ब्राझीलमधून याचं वर्णन केलं. मादी अंडी बाहेर टाकतच नाही. कवचाच्या मागच्या भागात अंडी आणि नंतर पिल्लंही सांभाळते. म्हणून वरून पाहिलं तर मादी मागे चांगली फुगीर दिसते, नर सडपातळ. कवच जेमतेम मिलिमीटरभर, पोटाकडून सपाट. पोहता येत नाही, पानाला धरून सरपटायचं.

मग दुसऱ्या झाडावर जायचं कसं? बेडकांवरून! ब्राझीलमध्ये झाडांवरच्या बेडकांच्या अंगावर हे सापडले आहेत, कवचाच्या दोन झडपांच्या कडांत कातडी चिमटीत पकडून बसलेले. पिल्लं पोटाशी असलेली एकच मादी पोचली तरी नवी वस्ती सुरू होऊ शकते. पण असा प्रवास लांबचा नसतो, त्यामुळे जमैकासारख्या एकाच बेटावरही एकमेकांपासून जनुकीयदृष्ट्या दुरावलेले गट तयार झालेत.