‘रिस्क’ या क्रियापदाला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न:
एका भाडेकरूला पाठवायच्या इंग्रजी पत्राचं भाषांतर करतेय. वाक्य आहे, ‘यू रिस्क लूझिंग द डिपॉझिट’. मी लिहिलं, ‘आपण अनामत गमावण्याची जोखीम घेत आहात’. घरमालकीणबाई म्हणाल्या, “अगं, तो काय शेअर बाजारात उतरलाय?” पटलं. पण मग लिहू काय? शिवाय ‘रिस्क टू लूझ’ का चालत नाही?

उत्तर १:
बाई बरोबर बोलल्या. या क्रियापदाची कर्मं तीन तऱ्हेची. ‘रिस्क्ड हिज लाइफ’मध्ये जे पणाला लागलं ते. ‘रिस्क लूझिंग’मध्ये जे वाईट घडेल ते. ‘रिस्क गोइंग आउट’मध्ये ती कृतीच. मराठीत तिन्हीकडे एकच ‘जोखीम’ चिकटवली की वाक्य बँकेच्या परिपत्रकासारखं होतं. जीव धोक्यात घालतात, नुकसान ओढवून घेतात आणि बाहेर पडायचं धाडस करतात. तुमच्याकडे सरळ ‘अनामत बुडू शकते’ लिहा.
‘टू’चं म्हणाल तर ‘अव्हॉइड’, ‘एन्जॉय’सारखंच इथेही आयएनजी-रूप लागतं. शाळेत हे घोकलं होतं, कारण कुणी सांगितलं नाही!

उत्तर २:
‘रिस्क’च्याच जवळच्या अर्थाचं क्रियापद ‘हॅझर्ड’ही बघा. मुळात ते फाशांच्या एका खेळाचं नाव. ‘हॅझर्ड अ गेस’ म्हणजे चुकलं तर चुकलं म्हणत अंदाज सांगणं. त्यात धोका असा काहीच नाही. आपलं ‘पणाला लावणं’ही द्यूतातलंच की.

प्रश्नकर्ती:
‘बुडू शकते’ऐवजी ‘परत मिळणार नाही, अशी शक्यता आहे’ लिहिलं होतं. बाईंनी खोडून पुन्हा ‘बुडेल’ केलं.