घोडबंदर रोड मालाडचा की ठाण्याचा?

जुनीपेटी:
आजोबांच्या पेटीत घरभाड्याच्या पावत्या सापडल्या. वर पत्ता छापलाय, "घोडबंदर रोड, मालाड, मुंबई ६४". आमच्यासाठी घोडबंदर रोड म्हणजे ठाण्यातलं कापूरबावडी, मानपाडा, कासारवडवली आणि गायमुखला खोळंबलेले ट्रक. तो मालाडला कधी होता? आई म्हणते, छापणाऱ्याची चूक असणार.

गायमुखकर:
ताई, छापणारा बरोबर आहे. आजचा एस. व्ही. (स्वामी विवेकानंद) रोड म्हणजेच जुना घोडबंदर रोड.
नकाशावर मधला राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर बघा. जुन्या मुंबईतून उत्तरेच्या साष्टी बेटात जायला दोन वाटा. एक शीव, कुर्ला, भांडुप, मुलुंड करत ठाण्याला आणि पुढे नाशिककडे जाणारी. ती आग्रा रोड, आता लाल बहादूर शास्त्री मार्ग. दुसरी माहीम, वांद्रे, अंधेरी, मालाड, बोरिवली, दहिसर करत वसईच्या खाडीवरच्या घोडबंदरला. रस्ता जिथे पोचवतो त्याचं नाव त्याला, एवढा साधा हिशेब. आग्रा काय मुलुंडला होतं?
या दुसऱ्या वाटेला खरा जीव आला १८४५ मध्ये, माहीमचा कॉजवे झाल्यावर. त्याआधी माहीमहून वांद्र्याला होडीने जावं लागे. सरकार खर्चाला तयार नव्हतं, तेव्हा लेडी अवाबाई जमशेटजी जीजीभॉय यांनी पैसे दिले.
तुमचा ठाण्याचा रस्ता हा तिसरा तुकडा. डोंगराच्या उत्तरेने, गायमुखापाशी तर खाडीला अगदी खेटून, तो पहिल्या दोन वाटा जोडतो. तोही घोडबंदरलाच जातो, म्हणून नाव तेच. मालाडचं नाव बदललं, ठाण्याचं राहिलं.

हिशेबी:
राज्य महामार्ग ४२ म्हणतात तो यातला कुठला?

गायमुखकर:
ठाणे ते घोडबंदर. आणि जोडरस्ता असणं हेच त्याचं दुखणं. एका टोकाला नाशिक महामार्ग, दुसऱ्या टोकाला अहमदाबाद महामार्ग. न्हावाशेवा बंदरातून गुजरातला जाणारा कंटेनर दुसरीकडून कुठून जाणार? मी भिवंडी-वसई टेम्पो चालवायचो तेव्हा ओवळ्याच्या पुढे दोन्ही बाजूंना झाडीच असे. आता तिथे टॉवर आहेत, त्यांत मेट्रोचं काम. उड्डाणपूल झाले, पण गायमुखच्या घाटात एक ट्रेलर बंद पडला की पुलांचा उपयोग शून्य. तिथे एका अंगाला डोंगर, एका अंगाला खाडी. रुंद करणार कुठे? तरी बिल्डर जाहिरातीत छापतो, "बोरिवली वीस मिनिटांत". रात्री तीनला निघालात तर असेलही.

सालसेट:
एस. व्ही. रोडची गत वेगळी. पश्चिम द्रुतगती महामार्ग झाल्यावर लांबची वाहतूक तिकडे गेली आणि याच्या वाट्याला स्टेशनचा बाजार आला. दहिसरच्या पुढे घोडबंदरला जायला आता त्या महामार्गावरच चढावं लागतं, त्यामुळे दोन्ही एकच वाट होती हे कुणाच्या ध्यानात राहत नाही.

जुनीपेटी:
आईला वाचून दाखवलं. म्हणाली, "मग वीसच्या वीस पावत्या बरोबर म्हणायच्या." घोडबंदरला किल्ला होता ना, तो अजून आहे का तिथे?

गायमुखकर:
आहे. काशीमिऱ्याच्या पुढे, घोडबंदर गावातच. बांधकाम पोर्तुगीजांचं, १७३७ च्या साष्टी मोहिमेत मराठ्यांकडे आलं. पावसाळा सोडून जा, आणि ठाण्याहून निघणार असाल तर सकाळी लवकर.