आयपीएलसारखा चार परदेशींचा नियम जपानी बेसबॉलमध्ये आहे का?

गोदाकाठचा
ओतानीमुळे बेसबॉलची गोडी लागली, आता जपानी लीगचे हायलाइट्स बघत बसतो. जवळपास प्रत्येक संघात अमेरिकन, क्यूबन, डोमिनिकन नावं दिसतात. आपल्याकडे अकरांत चार परदेशी, तसं तिथे आहे का? आणि अमेरिकेत जमलं नाही म्हणूनच हे लोक तिथे जातात ना?

कोबेकर
चारचा आकडा आहे, पण हिशोब वेगळा. संघ बारा. करार कितीही परदेशींशी करा, एका सामन्याला बेंचवर चारच. उरलेले दुय्यम संघात, मोजक्या प्रेक्षकांसमोर घाम गाळतात. आठ हंगामांची सेवा भरून फ्री एजंटचा, म्हणजे हवा तो संघ निवडण्याचा हक्क मिळाला की मग तो परदेशी म्हणून मोजला जात नाही. व्हेनेझुएलाचा अ‍ॅलेक्स रामिरेझ असाच टिकला. दोन हजार हिट्स पूर्ण केले, योकोहामाचा मॅनेजर, म्हणजे मुख्य प्रशिक्षक झाला, पुढे जपानी नागरिकत्वही घेतलं.

आयपीएलचा परदेशी दोन महिन्यांचा पाहुणा. इथला १ फेब्रुवारीला ओकिनावा नाहीतर मियाझाकीच्या शिबिरात हजर, मग १४३ सामने. मेपर्यंत बॅट चालली नाही की पेपरवाले त्याचं परतीचं तिकीट काढून मोकळे.

"जमलं नाही म्हणून" हे अर्धंच खरं. अमेरिकन सेसिल फील्डरला टोरोंटोत रोज खेळायला मिळत नव्हतं. १९८९ला हान्शिन या जपानी संघाकडे आला, ३८ होम रन मारले. पुढच्याच वर्षी डेट्रॉइटकडून ५१!

सायली_तोक्यो
कोबेकरकाका, बास राहिला की. हान्शिनवाले असून?

कोबेकर
त्याच्यावर एकदा सुरू झालो की थांबत नाही, म्हणून टाळत होतो.

रँडी बास, ओक्लाहोमाचा, हान्शिनचा बॅटर. १९८५ आणि ८६, लागोपाठ दोन वर्षं ट्रिपल क्राउन, म्हणजे सरासरी, होम रन आणि आरबीआय (फटक्यांवर मिळवून दिलेल्या धावा) तिन्हींत पहिला. ८६ची त्याची .३८९ ही सरासरी इथला विक्रम आहे. ८५ला त्याचे ५४ होम रन झाले होते. सादाहारू ओ यांचा १९६४चा विक्रम ५५चा. शेवटचे सामने जायंट्स या संघाशी, आणि जायंट्सचे मॅनेजर खुद्द ओ! पिचरांनी बासला मारण्याजोगा चेंडू दिलाच नाही, वॉकवर वॉक (चार बाहेरचे चेंडू टाकून फुकटात पहिला बेस). आपण तसं सांगितलं नव्हतं, असं ओ म्हणाले. असेलही. पण २००१ला अमेरिकन टफी रोड्स ५५वर आला तेव्हा ओ मॅनेजर असलेल्या दाइए हॉक्सने पुन्हा तेच केलं, आणि त्यांच्या एका कोचने परदेशी माणसाने हा विक्रम मोडू नये असं उघड सांगितलं.

यातली गंमत अशी की ओ यांचा जन्म तोक्योचा, पण वडील चिनी आणि नागरिकत्व तैवानचं. कागदावर तेही परदेशीच!

बासचा शेवट वाईट झाला. १९८८ला मुलाला ब्रेन ट्यूमर निघाला, म्हणून बास अमेरिकेला गेला. परतण्यावरून आणि उपचारांच्या खर्चावरून वाद झाला, क्लबने त्याला सोडून दिलं. हान्शिनवर माझा जीव आहे, तरी याबद्दल त्यांची बाजू मी घेणार नाही. हॉल ऑफ फेममध्ये त्याला घेतलं ते थेट २०२३ला.

सायली_तोक्यो
पण ते दिवस गेले, काका. २०१३ला याकुल्ट संघाच्या बालेंतिएनने, तोही परदेशीच, ५६वा होम रन मारला तो जिंगूच्या मैदानावर, तुमच्याच हान्शिनविरुद्ध. कुणी वॉक देऊन पळ काढला नाही, स्टेडियम डोक्यावर घेतलं होतं लोकांनी. ६०वर थांबला तो.

कोबेकर
मान्य. हान्शिनविरुद्ध होता हे मुद्दाम लिहिलंस तेही कळलं.

गोदाकाठचा
मग मी कोणाला बघू?

कोबेकर
सॉफ्टबँकचा मोइनेलो. क्यूबाचा डावखुरा पिचर. २०१७ला आला तेव्हा ट्रेनी कराराचा, पाठीवर तीन आकडी नंबर. त्याच हंगामात मुख्य संघात गेला. बरीच वर्षं शेवटच्या इनिंग्जपुरता यायचा. २०२४ला त्याला सुरुवातीचा पिचर केला आणि पहिल्याच झटक्यात पॅसिफिक लीगमध्ये ईआरए (नऊ इनिंग्जमागे दिलेल्या धावांची सरासरी) सगळ्यांत कमी, १.८८. त्याचा कर्व्ह, म्हणजे वळणारा चेंडू, बघाच. संध्याकाळी सहाचा सामना तुमच्याकडे दुपारी अडीचला लागतो, त्यामुळे जागरण नाही. ऑफिसचं मात्र तुमचं तुम्ही बघा.