विज्ञान प्रदर्शनात पाण्यालाही बंदी? टेबलावर नेमकं काय ठेवू द्यावं

प्रयोगप्रेमी:
मुलीने चार महिने खपून पाणी गाळायचा फिल्टर केला. पारदर्शक नळीत खडी, वाळू, कोळसा असे थर. वरून गढूळ पाणी ओतायचं आणि खाली नितळ थेंब पडताना बघत बसायचं, हा तिचा रोजचा उद्योग झाला होता. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी नियमांचा कागद हातात पडला: द्रव नको, माती-वाळू नको. दुसऱ्या दिवशी ती रिकामी नळी आणि चार फोटो मांडून उभी राहिली. लोक यायचे, नळीकडे बघायचे आणि पुढे जायचे.

हे नियम आले कुठून ते शोधलं. १९५० साली सुरू झालेल्या आणि आज 'आयसेफ' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आंतरराष्ट्रीय विज्ञान मेळ्याच्या नियमांत हे सगळं आहे. तिथे जिवंत प्राणी आणि वनस्पती, माती, अन्नपदार्थ, ड्राय आइस, ज्योत यांना मांडणीत जागा नाही. रसायनांच्या बंदीत पाणीसुद्धा येतं. आग आणि जिवाणू मला समजू शकतात. पण पाणी आणि सल्फ्युरिक अ‍ॅसिड एकाच ओळीत? डोळ्यांदेखत काहीतरी घडतं म्हणून तर मुलं प्रदर्शनाला येतात. धोका बघून नियम करा, सरसकट यादी लावू नका, एवढंच म्हणणं आहे.

विज्ञानशिक्षिका:
लेकीसाठी वाईट वाटलं, पण मी नियमाच्या बाजूने आहे. बरीच वर्षं मांडणी तपासायचं काम केलंय. एकदा एका मुलाच्या टेबलावर बाटली होती, वर स्वच्छ अक्षरात चिठ्ठी: पाणी. सहज झाकण उघडलं तर स्पिरिटचा वास. मुलगा खोटं बोलत नव्हता. घरून निघताना बाटल्यांची अदलाबदल झाली होती आणि त्याला पत्ताच नव्हता. शेजारच्या टेबलावर सर्किट चालू होतं, त्याच्या उघड्या तारा मला आजही दिसतात.

पारदर्शक द्रव सगळे सारखेच दिसतात. सकाळच्या दोन तासांत शेकडो टेबलं बघायची असतात, तेव्हा प्रत्येक बाटली हुंगून बघणं जमत नाही आणि हुंगणं ही काही तपासणी नव्हे. आणखी एक, आयसेफमध्ये जिवाणूंवर प्रयोग करता येतो. त्यासाठी आधी परवानगी आणि जाणकाराची देखरेख लागते, इतकंच. बंदी आहे ती मांडण्यावर. काम नोंदवहीतून आणि आलेखांतून बोलतं.

तारजोड:
ताई, तुमचा अनुभव पटला, निष्कर्ष नाही पटला. पाण्याला बंदी असलेल्या एका हॉलमध्ये मी एक्स्टेन्शन बोर्डात बोर्ड, त्यात तिसरा बोर्ड खुपसलेला पाहिलाय. त्यावर हीटर आणि पंप. त्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं, कारण यादीत ते नव्हतं. यादी हातात आली की तपासणारा यादीच तपासतो.

मोठा कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा भाग, प्लग काढल्यावरही भारित राहतो, हे किती परीक्षकांना ठाऊक असतं? "बंद आहे ना, मग हात लावून बघ" म्हणणारे मोठेच असतात. त्याच्या दोन टोकांमध्ये साठलेली वीज उतरवणारा रोधक जोडलेला आहे का, हे विचारायला अर्धं मिनिट लागतं. लेड-अ‍ॅसिड बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सुटतो, तो हवेत ४ टक्के झाला की ठिणगीने पेटू शकतो. म्हणून चार्जिंग हॉलमध्ये करायचंच नाही. असे प्रश्न विचारणारा माणूस हवा. फिल्टरमधली वाळू कुणाचं काय बिघडवणार होती?

रसायनवाला:
सरसकट यादी का लागते ते सांगतो. ज्वालामुखीचं मॉडेल आठवा. नारिंगी स्फटिकांचा ढीग, वरून काडी, मग ठिणग्या आणि हिरवी राख. ते अमोनियम डायक्रोमेट. त्यात षटसंयुजी क्रोमियम असतं, जे कॅन्सरकारक आहे. जळताना ते सगळंच्या सगळं हिरव्या राखेत बदलत नाही, न जळलेली धूळ राखेबरोबर उडते आणि समोर पहिल्या रांगेत चिमुरडी नाक पुढे करून उभी असतात. करणाऱ्याला विचारा, तो मनापासून सांगेल की "काही होत नाही, दरवर्षी करतो."

मेथॅनॉल या ज्वलनशील द्रवाच्या रंगीत ज्योतींचंही तेच. त्या प्रयोगात मुलं भाजली, म्हणून अमेरिकेच्या केमिकल सेफ्टी बोर्डाने २०१४ मध्ये खास इशारा दिला. तेही प्रयोग शिकवणाऱ्या मोठ्यांच्याच हातून झाले होते. जिथे जाणकारच चुकतात, तिथे "आपण धोका बघून ठरवू" हे कुणाच्या भरवशावर? प्रत्येक टेबलाशी वाद घालण्यापेक्षा सगळ्यांना एकच नियम बरा.

एक पालक:
तारजोड यांना +१. आमच्याकडे नियमांचा कागद आदल्या दिवशी मिळतो, खरा राग त्याचा आहे. पहिल्या दिवसापासून माहीत असतं तर लेकराने मांडणीच वेगळी केली असती.

प्रयोगप्रेमी:
ज्वालामुखीचं वाचून गप्प झालो. लहानपणी मीही तो अगदी जवळून पाहिलाय. बाटलीची चिठ्ठीही पटली, टेबलावर पाणी नको हे मान्य. पण मग हॉलच्या एका कोपऱ्यात प्रात्यक्षिकाचं वेगळं टेबल का नाही? ठरलेल्या वेळी मुलीने जावं, शिक्षकांसमोर तिथल्या नळाचं पाणी भरावं, दाखवावं, ओतून टाकावं. बाटलीत काय आहे हा प्रश्नच उरत नाही. रिकाम्या नळीने तिची मेहनत कळली नाही, हे दुःख मला सोडता येत नाही.

विज्ञानशिक्षिका:
याला माझी हरकत नाही. खाली ट्रे हवा, सगळं पाणी सांडलं तरी त्यात मावेल इतका. विजेचा बोर्ड त्या कोपऱ्यात नकोच. आणि गाळलेलं पाणी कुणी पिऊन बघणार नाही, हे मुलीला बजावून ठेवा. नितळ दिसलं की कुणीतरी ग्लास पुढे करतंच, आणि वाळू-कोळशातून गाळलं म्हणून जंतू गेले असं होत नाही.